टेकणीच्या खिंडीतली ठमाई

दमला असाल तर टेका मंडळी, पण त्या सपाट कातळावर नको. तो ठमाईचा कातळ. कंबर धरलेली माणसं तिथे कुशीवर निजतात आणि बरोबर आलेलं माणूस त्यांच्या कंबरेवर तळहात ठेवतं. अंगारा नाही, बुवा नाही, दाबादाबी तर मुळीच नाही. खाली उतरण्याआधी मात्र इथली एक रीत पाळावी लागते. ती का पडली, ते ऐका.

जुन्या काळी कोकणातलं मीठ याच खिंडीतून घाटावर जायचं, तेही माणसांच्या पाठीवरून. हमालांचा पुढारी हैबती नाईक. ताठ चालणारा, शब्दाचा पक्का आणि तितकाच हेकट. दुसऱ्याच्या गोणीला कुणी हात लावायचा नाही, हा त्याचा दंडक. मीठ कमी भरलं की चोर कोण यावरून डोकी फुटायची, म्हणून त्याने तो घातला होता. तसा तो काही वाईट नव्हता.

ठमाई त्याची बायको. कंबर सोडवण्यात तिचा हातखंडा. तेव्हा उसण भरली की पाठीवर पाय देऊन उभं राहायचे आणि माणूस ओरडला की गुण आला, असं धरून चालायचे. ठमाईचं सगळंच उलटं. ती माणसाला कुशीवर निजवायची, गुडघ्यांमध्ये घोंगडीची घडी द्यायची आणि आधी विचारायची, हात लावू का? होकार आला की कंबरेवर तळहात ठेवून नुसती बसून राहायची. आतला ताठा सैल पडला की मग अंगठा हळूहळू खुब्यावरून मांडीमागे, पोटरीपर्यंत न्यायची. तिच्या हाताने झोपलेलं मांजरसुद्धा जागं व्हायचं नाही, अशी शेजारणी चेष्टा करायच्या.

एका उन्हाळ्यात भर दुपारी धाकू नावाचा हमाल या कातळाजवळ गोणीसकट कोसळला. कंबरेपासून घोट्यापर्यंत शीर अशी धरली की उठता येईना आणि छातीवर करकचलेली गोणीच्या दोराची गाठ सोडताही येईना. गोण उतरवा, एवढंच तो मागून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होता. जो तो थबकायचा, नाईकाकडे बघायचा आणि पुढे चालू लागायचा. नाईक म्हणाला, खाली निरोप धाडू, त्याचा भाऊ येऊन उतरवील. भाऊ पोचेपर्यंत धाकू गेला होता.

तेव्हापासून खिंडीत दुपारचं काहीतरी चालू लागलं, असं सांगतात. मागे जड पावलं वाजायची, धापा टाकल्याचा आवाज यायचा, वळून पाहावं तर कुणी नाही. मग पाठीवर ओझं बसायचं आणि ज्याच्या बसे त्याची कंबर धरायची. ठमाई एकाला सोडवी तोवर दुसऱ्याला धरे. शेवटी पाळी नाईकावर आली. पाय टेकवला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. त्याचं मुटकुळं झालं, अन्न सुटलं. हा माणूस आता हातचा जातो, या भीतीने ठमाईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने त्याच्या कंबरेवर हात ठेवला आणि ती दचकली. हाताला दोराचे ताजे वळ लागत होते. नाईकाने तर कित्येक वर्षांत गोण वाहिली नव्हती. हात उचलून पाहिला, तर तळव्याला मीठ.

"ह्ये वजन तुमचं न्हाई," ती म्हणाली. "ज्येचं हाय, त्येच्या पाठीवरनं उतराया पायजे. आन् ते तुमीच उतरवा."

खांद्याचा आधार देऊन तिने त्याला इथवर आणलं. दुपारच होती. रिकाम्या कातळापुढे ती बसली आणि कुणाही रोग्याला विचारावं तसं तिने विचारलं, "धाकूदादा, हात लावू का?"

कातळावरून श्वास ऐकू आला. तिने हात टेकला. तो कातळाच्या वीतभर वरच थांबला, हे नाईकाने डोळ्यांनी पाहिलं. तिच्या तळव्याखाली घामाने भिजलेली गार पाठ होती म्हणे. ठमाई कितीतरी वेळ तशीच बसून राहिली, आणि श्वास हळूहळू संथ झाला. मग तिने नवऱ्याला गाठ सोडायला सांगितलं.

नाईकाने हात पुढे केला आणि मागे घेतला. कुणी म्हणतात घाबरला. मला वाटतं, आज गोण उतरवली असती, तर त्या दिवशीही उतरवता आली असती हे कबूल करावं लागलं असतं. ठमाईने स्वतःच गाठ सोडली. पण उतरवलेलं ओझं कुठेतरी टेकावंच लागतं, आणि ते टेकलं तिच्या पाठीवर.

नाईक ताठ उभा राहिला. तो पुढे आणि कमरेत वाकलेली ठमाई मागे, अशी दोघं घाट उतरली. खिंड शांत झाली. पुढे ठमाई वाकल्या कमरेनेच लोकांच्या कमरा सोडवत राहिली. जो तो बरा होऊन घरी गेला. जिला औषध ठाऊक तिला कुणाची गरज, असं सगळ्यांनी धरलं. नाईकाला मात्र सगळं ठाऊक होतं. तो रोज तिच्याजवळ बसायचा, हात उचलायचा आणि पुन्हा आपल्याच मांडीवर ठेवायचा. तिला विचारायची त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेतच त्या बाईचा जन्म गेला.

ती वारली तेव्हा तिरडीवर उताणी निजवता येईना. तेव्हा कुठे नाईकाने पुढे होऊन तिच्या पाठीवर तळहात ठेवला. साऱ्या गावादेखत ती पाठ हळूहळू सरळ झाली, असं सांगतात. नाईकाने हात काढला नाही. तो लोकांना काढावा लागला.

म्हणून आजही इथे ज्याला गुण येतो तो लगेच उतरत नाही. ज्याने हात ठेवला त्याला तो कातळावर निजवतो, विचारतो आणि त्याच्या पाठीवर आपला तळहात ठेवतो. काही जण विसरून निघतात. त्यांच्या मागे दुपारची पावलं येतात, पण आता ती जड नसतात, ताठ चालणाऱ्या माणसाची असतात. उतारावर पाठीला एक गार तळहात टेकतो. तुमच्या पाठीला टेकला तर वळून पाहू नका, मंडळी. ठेवू द्या त्याला.