मालूआत्यांची विळी

विमानतळाच्या तपासणीत मालूआत्यांच्या पिशवीतून घडीची विळी निघाली, आणि त्यांची भाची शाल्मली शरमेनं रांगेत मागे सरकली. आता हे सगळं तिचं अख्खं कॉलेज टीव्हीवर बघणार!

जप्त हत्यारांची बातमी करायला वार्ताहर आलाच होता. अधिकाऱ्यानं कॅमेऱ्यासमोर विळी नाचवली. "काय बाई, कोणावर चालवणार होता हे शस्त्र?"

"साहेब, विळी चालवत नाहीत, तिच्यावर बसतात. मी आधी खाली बसणार, मग शत्रूनं आपणहून मान आणून द्यायची. असा शत्रू आहे का तुमच्या पाहण्यात?"

वार्ताहराला हसू आवरेना. त्यानं कॅमेरा बंद केला. खजील अधिकाऱ्यानं विळी ठेवून घेतली. "जा. बरोबर कोणी आहे?"

शाल्मलीकडे न बघता आत्या म्हणाल्या, "होती मघापर्यंत."