ओल्या पाकळ्या

"देव रागावलो तर आधी कळता, आबा?"

सगुण गुरव देवळाच्या पायरीवरूनच विचारत होता. दुपारचे तीन वाजलेले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

आबा गुरव सभामंडपात बसून दूर्वा निवडत होते. पन्नास वर्षे त्यांनी या देवाला गावासाठी कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी हे काम सगुणला शिकवले. सगुण इतका तयार झाला की आसपासची चार गावे त्याचे नाव काढत, आणि नाव निघालेले सगुणला फार आवडे.

"काय केलंस?" आबांनी मान वर न करताच विचारले.

"सकाळी भागीरथीचो कौल लावलंय."

भागीरथी माळावर एकटी राहणारी म्हातारी. पंधरा दिवसांत गावातली सात गुरे मेली होती, आणि ती तिच्याच नजरेने मेली हे गावाने केव्हाच ठरवून टाकले होते. तिला वेशीबाहेर काढू का, एवढेच देवाला विचारायचे उरले होते.

"मगे?"

"उजवी पडली."

"पडली?"

"डाव्येक मी गंध लावलंय," सगुण म्हणाला. "घट्ट चिकटवलंय. सगळो गाव पाठीमागे उभो होतो, आबा. डावी पडली आसती तर म्हटल्यानी आसता, ह्येका कायेक येना नाय."

"आणि उजवी पडली तेव्हा?"

"माका खांद्यार घेतल्यानी."

आबांच्या हातातली दूर्वा तशीच राहिली.

"भागीरथीक कधी काढतले?"

"आजच. दिवस बुडायच्या आधी. तिचा खोपटा जाळतले." सगुण मंडपात येऊन आबांसमोर बसला. "सकाळपासून देव माझ्याकडे बघता. खय पण गेलंय तरी बघता. माका भय वाटता, आबा. मी देवाची माफी मागतंय. नाक घासतंय. पण गावाक कळूक नको."

आबा उठले आणि गाभाऱ्यात गेले. सगुण मागोमाग गेला.

"लाव कौल," आबा म्हणाले. "गावाक खरा सांगू काय, विचार."

सगुणला हायसे वाटले. आता देव काय ते ठरवील, आपल्यावर काही नाही. त्याने हात जोडून प्रश्न विचारला, तांब्यात दोन पाकळ्या बुडवल्या. डावी लावली. उजवी लावायला घेतली आणि तो किंचाळलाच.

उजवी पाकळी बोटांत होती आणि अंगठा शेजारच्या गंधाच्या वाटीत बुडालेला होता.

"मी नाय केलंय! आबा, शपथ! हात आपणच गेलो!"

तो मनगट दुसऱ्या हाताने धरून मागे मागे सरकला आणि भिंतीला टेकला. एवढा घाबरलेला माणूस आबांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनाही क्षणभर भीती वाटली.

मग त्यांनी तांब्या उचलला आणि सगळे पाणी फरशीवर ओतून टाकले.

"आबा! आता कौल?"

"आता पाणी नाय."

माळाकडून ढोल ऐकू येऊ लागला. एक, मग दोन. माणसांचा गलकाही.

"माका मारतले, आबा."

"मारतले."

"परत देवळात पाय ठेवूक देवचे नाय."

"नाय देवचे."

सगुणने मूर्तीकडे पाहिले. डाव्या खांद्यावरची पाकळी अजून होती तिथेच होती. अंगठ्याचे गंध सदऱ्याला पुसून तो बाहेर आला.

तीन पायऱ्या उतरला. चौथीवर थांबला.

"आबा, तुमी माझ्यावांगडा येशात?"

आबा उंबऱ्याशी उभे होते. सगुणला त्यांनी मुलासारखा वाढवला होता, आणि त्यांचे पाय पुढे व्हायला निघाले होते. त्यांनी चौकट घट्ट धरली.

"मी इलंय तर तू माझ्याकडेच बघशीत, कौलाकडे बघतंस तसो."