सात पिढ्यांचं विरजण

निष्ठा या विषयावर माझ्याइतका अधिकारी माणूस पंचक्रोशीत सापडणार नाही. चौथीच्या वर्गाशी मी सलग तीन वर्षं एकनिष्ठ होतो. शेवटी मास्तरच कंटाळून बदली मागून गेले. तेव्हा शिकल्यासवरल्यांनी जरा गप्प बसून ऐकावं.

एके काळी एक वृद्ध साधू आणि त्यांचा शिष्य एका मठात राहत. शिष्य म्हणजे कोवळा पोर समजू नका; गुडघे धरून उठणारा पन्नाशीचा गृहस्थ. मठात सात पिढ्यांचं विरजण होतं. रोज सांजेला कोमट दुधात आदल्या दिवसाचं चमचाभर दही घालायचं, आणि ज्यानं व्रत घेतलं त्यानंच घालायचं, असा नेम. शिष्यानं बावीस वर्षांत एक सांज चुकवली नव्हती. आई आजारी पडली तेव्हा त्यानं विचारलं होतं, "बाबा, दोन दिवस जाऊन येऊ?"

"मग विरजण कोण लावील?" बाबा म्हणाले होते.

तो राहिला. आई गेली.

आता बहिणीचा निरोप आला. अंथरुणाला खिळले आहे, एकदा भेटून जा. या खेपेला शिष्यानं विचारलंसुद्धा नाही. चुलीपुढे दूध ढवळत बसून राहिला.

"दमलास काय रे?"

"दही दमत नाही, बाबा. मी कशाला दमू?"

बाबांनी दह्याचं मडकं पुढ्यात ओढलं आणि सगळं दही खाऊन टाकलं. बोटानं तळसुद्धा पुसून चाटला.

"बाबा, अहो, सात पिढ्यांचं..."

"कसल्या सात पिढ्या? तुझ्याआधी माझ्या हातून ते दोनदा नासलं, एकदा मांजरानं संपवलं. दर वेळी पलीकडच्या गवळणीकडून चमचाभर मागून आणलं. तिच्या घरी ते आपल्याच मठातून गेलेलं. राखलेलं मांजराच्या पोटात गेलं, वाटलेलं टिकलं. अरे, निष्ठा म्हणजे कधीच खंड न पडणं नव्हे. खंड पडल्यावर दमल्या हातांनी पुन्हा दूध तापवणं, ती निष्ठा. जा, बहिणीला भेट. येताना गवळणीकडून विरजण आण."

इथं तुम्ही माना डोलावल्या असतील. मीही डोलावली होती.

शिष्यानं चमचा धुऊन जागेवर ठेवला, खुंटीवरची पडशी खांद्यावर टाकली आणि उंबऱ्याशी थांबला.

"बाबा," तो म्हणाला, "आईच्या वेळी का नाही खाल्लंत?"