कानापुढची नाल

आटपाट कोळीवाडा होता. तिथं पोशा नाखवा, त्याची येसू आणि त्यांची होडी चांदणी असं तिघांचं घर. होडीच्या बुडाशी एका यंत्राचा कान लावलेला. तो तळाला साद घाली, परत आलेला आवाज ऐकी आणि पाणी किती खोल ते वर सांगे.

चांदणी हळू चालली की सगळं बरोबर. पळायला लागली की कान ठार बहिरा! परवा होडी खडकाला घासली तेव्हा पोशा ओरडला, "पुन्हा ऐकलं नाहीस, तर उपटून भंगारात देईन."

कान रडकुंडीला आला. त्याच्या पुढ्यातच पोशानं नारळी पुनवेला शुभाची म्हणून घोड्याची नाल ठोकली होती.

"नालबाय, होडी पळाली की तुझे बुडबुडे कानात शिरतात गं. जरा गप बस!"

"मी गप बसू? या घराचं नशीब माझ्यावर चालतं!"

येसू पळत्या होडीच्या कडेवरून वाकून पाणी बघत होती. "अवो नाखवा, नालेचा फेस नेमका कानावर जातोय. काढा तिला."

"नशीब काढून टाकू?"

"टाका म्हणतंय कोण? घराच्या दाराला ठोका. पाण्याखाली तिला बघायला काय बोंबील येतात?"

पोशाला हसू फुटलं. नाल दारावर गेली, रोज हळदकुंकू मिळाल्यानं तीही खूश झाली. चांदणी भरधाव सुटली आणि कानानं खडक चुकवत तिला खोल पाण्यात नेलं. तिथं घोळ माशांनी जाळं भरलं.

त्या वर्षी येसूच्या अंगणात मासळी वाळवायला जागा पुरली नाही. बंदरावर जो तो म्हणे, "पोशाला नाल लाभली!"

बुडाशी कान सगळं ऐकत होता.