शाबासकीची थाप

जत्रेच्या आखाड्यात रणनवरे सरकारांचा पैलवान दिनकर चारीमुंड्या चीत झाला. खिलाडूवृत्तीवर सरकार दरवर्षी तासभर भाषण देत, पण हरायची पाळी दुसऱ्याची असे तोवरच.

"पाठ टेकलीच नाही," सरकार गरजले. "निकाल फिरवा."

नाही म्हटलं तर पुढल्या वर्षी आखाडा बंद, हे पंच दस्तगीर वस्तादांना ठाऊक होतं. त्यांनी विजेत्याचा पांढराशुभ्र फेटा सरकारांपुढे धरला.

"फिरवला, सरकार. आता दिनकरच्या पाठीवर शाबासकीची थाप मारा आणि त्याच हातानं फेटा बांधा."

सरकारांनी हात उचलला. दिनकरची पाठ मानेपासून कमरेपर्यंत तांबड्या मातीनं माखली होती. हात गुपचूप खिशात गेला.

दिनकरनं स्वतःच फेटा जिंकलेल्याच्या डोक्यावर बांधला. सरकारांचं भाषण यंदा दोन मिनिटांत आटोपलं.