तांबटाची खाडी

पूर्वी समुद्रकाठच्या वेलापट्टण नगरीवर उग्रबाहू राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने तांबटांच्या एका संपन्न कुळात जन्म घेतला होता आणि त्याचे नाव धातुपाल होते. नगराबाहेर, खाडीच्या वरच्या अंगाला त्याच्या भट्ट्या होत्या. आजोबांनी त्या घातल्या, वडिलांनी वाढवल्या आणि धातुपालाच्या हाती आल्या तेव्हा तिथे तीनशे माणसे राबत होती. खाणीतून आलेला दगड तिथे कुटला जाई, धुतला जाई आणि त्याचे पाणी एका चरातून खाडीत सोडले जाई. ओहोटी सगळे समुद्रात वाहून नेते, असे आजोबा म्हणत. त्यापलीकडे कोणी विचार केला नव्हता.

खाडीच्या काठी केवटांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची, वस्ती होती. तिथली सिप्पा नावाची विधवा दिवसाआड धातुपालाच्या दारी शिंपल्या आणि मोरसाची भाजी घेऊन येई. मोरस खाऱ्या चिखलात आपोआप उगवतो, आणि वस्तीत रोजच्या जेवणात तोच असे.

एके सकाळी टोपली उतरवताना सिप्पाचा हात मनगटातून लुळा पडला आणि शिंपल्या पायरीवर सांडल्या. ती ओशाळून हसली. हसताना तिच्या हिरड्यांच्या कडेला एक निळी रेघ दिसली.

ती रेघ धातुपालाच्या ओळखीची होती. भट्टीवर वीस-वीस वर्षे काढलेल्या माणसांच्या हिरड्या तशा होत, मग त्यांची मनगटे गळत. तांब्याच्या दगडात शिसे मिसळलेले असते आणि त्याच्या धुराने हे होते, एवढे त्याला ठाऊक होते.

"सिप्पा, तू कधी आमच्या भट्टीवर कामाला होतीस का?" त्याने विचारले.

"मी? नाही हो श्रेष्ठी. चिखलाशिवाय मला दुसरं काय येतंय?"

"हाताला हे कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. वस्तीत पुष्कळांना आहे. खाडीची देवी कोपलीय." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "माझ्या सुनेची दोन लेकरं पोटातच गेली. आता तिसरी खेप, सातवा महिना चालू आहे. लोक म्हणतात, हिच्या पांढऱ्या पायानंच देवी रुसली. येत्या अमावास्येला तिला माहेरी धाडायचं ठरलंय."

ती गेली. धातुपाल जेवायला बसला, पण ताटातली मोरसाची भाजी त्याच्याने खाववेना. त्याने थेट भट्टी गाठली आणि कालक नावाच्या म्हाताऱ्या मुख्य कारागिराला तोंड उघडायला सांगितले. तीच निळी रेघ.

"धनी, आम्ही आगीजवळ असतो म्हणून आम्हाला होतं," कालक म्हणाला. "चिखलातल्या बाईला कसं होईल?"

ओहोटी लागल्यावर धातुपाल एकटाच वस्तीत गेला. सिप्पाची सून केतकी चुलीपुढे बसली होती. ती खाडीतल्या तिवराच्या झाडाच्या काटक्या आणि वाळलेला मोरस जाळत होती. पातेल्याच्या बुडाशी जाळाची कड हिरवी दिसत होती. धातुपालाचे सारे आयुष्य आगीकडे बघण्यात गेले होते. असा हिरवा जाळ तांब्यानेच होतो. तांबे झाडात शिरले असेल, तर त्याच्याबरोबर शिसेही शिरलेच असणार.

समुद्राने काहीच नेले नव्हते. तीन पिढ्यांचे धुवण चिखलाने धरून ठेवले होते, चिखलातून ते मुळांनी घेतले होते, आणि मोरसातून, शिंपल्यांतून ते या घरांत आले होते.

"बाई, हे खाऊ नकोस," तो कसाबसा म्हणाला.

केतकीने वर पाहिले. "मग काय खाऊ?"

पुढचे चार दिवस धातुपालाने मोठ्या घालमेलीत काढले. चर गुपचूप बुजवून टाकावा, कोणाला कळणार आहे, असे त्याला वाटे. पण चिखल तर तसाच राहणार होता आणि लोक त्यातले खातच राहणार होते. खाऊ नका म्हणावे, तर का ते सांगावे लागणार होते. न सांगावे, तर एका निरपराध बाईला दोष लावून घराबाहेर काढले जाणार होते. भट्टीवरची तीनशे माणसेही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. अमावास्या दोन दिवसांवर आली, तेव्हा तो केवटांच्या चावडीत जाऊन उभा राहिला.

"देवी कोपलेली नाही, आणि केतकीचाही काही दोष नाही," तो म्हणाला. "तुमच्या खाडीत विष आहे. ते माझ्या भट्टीचं आहे."

मग एकाने चिखलाचा गोळा उचलून त्याच्या अंगावर मारला. दुसऱ्यानेही हात उगारला, तेव्हा सिप्पा मध्ये आली.

"थांबा," ती म्हणाली. मग धातुपालाकडे वळून म्हणाली, "माझे दोन नातू गेले, श्रेष्ठी. ते तुम्हाला परत देता येणार नाहीत. पण तुम्ही बोलला नसता, तर आम्ही देवीला बोकडं कापत बसलो असतो आणि ही पोर परवा घरातून गेली असती."

ही बातमी राजाच्या कानी जायला वेळ लागला नाही. उग्रबाहू मनाचा वाईट नव्हता, पण उतावळा होता. त्याने हुकूम सोडला की केवटांनी सगळा गाळ उपसून समुद्रात फेकावा, तिवरे मुळासकट तोडावीत, आणि तांब्याचे काम मात्र थांबू नये. हुकूम ऐकताच धातुपाल धावतच दरबारात गेला.

"महाराज, गाळाला हात लावू नका. विष त्याच्यातच बसलंय आणि तिवरांच्या मुळांनी ते जखडून धरलंय. उपसलं तर भरती ते गावोगावी नेईल. उपसणाऱ्यांचं काय होईल, तेही माझ्याच्यानं बोलवत नाही."

"तीन पिढ्या तुम्ही विष कालवलंत," राजा संतापला, "आणि आता त्या घाणीचीच वकिली करतोस?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. आगीवर ठेवा. उद्या ओहोटीला खाडीवर या."

दुसऱ्या दिवशी राजा आला. काठावर गर्दी जमली होती. धातुपालाने शेजारच्या दोन खाड्यांतून मोरस आणून रातोरात शेकोटीवर वाळवला होता. दोन्ही खाड्यांना भट्टीचे पाणी कधी लागले नव्हते. उत्तरेची खाडी आणि ही खाडी यांच्या मध्ये तिवरांचे जुने दाट रान उभे होते. दक्षिणेच्या बाजूला राजाने तीन वर्षांपूर्वी गलबतांसाठी याच खाडीतला गाळ उपसून वाट काढली होती.

उत्तरेचा मोरस आगीत पडला, आणि पिवळा जाळ उठला. मग दक्षिणेचा पडला. जाळाच्या कडा हिरव्या झाल्या.

राजाचा चेहरा उतरला. दक्षिणेच्या खाडीवरही एक वस्ती होती. तिथल्या लोकांना कोणी काही सांगितलेले नव्हते.

"म्हणजे तिथं ते मी नेलं," तो हळूच म्हणाला. हुकूम त्याने तिथल्या तिथे मागे घेतला आणि दक्षिणेच्या वस्तीला सावध करायला माणसे धाडली.

त्याच संध्याकाळी धातुपालाने भट्ट्या विझवल्या. कालक ढसाढसा रडला. काही कामगार शिव्याशाप देत निघून गेले. तांब्याचे काम थांबले म्हणून राजाने रागाने धातुपालाचे श्रेष्ठीपद काढून घेतले. धातुपालाने आपली कोठारे उघडली आणि दोन्ही वस्त्यांना डोंगरमाथ्यावरच्या गावांतले धान्य व भाजी पोहोचती केली. राहिलेल्या माणसांना घेऊन तो डोंगराकडे गेला आणि तिथे मातीने लिंपलेले, दगड धुतल्याचे पाणी बाहेर न सोडणारे हौद बांधू लागला. ते पुरे होईपर्यंत त्याने एकही भट्टी पेटवली नाही. त्यात चार वर्षे गेली.

केतकी माहेरी गेली नाही. दिवस भरेपर्यंत धातुपालाला घास गोड लागला नाही. वस्तीकडून कोणी येताना दिसले की तो हातातले काम टाकून वाटेवर जाई. एका दुपारी सिप्पाच आली. ती बराच वेळ दम घेत राहिली, आणि तेवढ्यात त्याला शंभरदा वाटले की आपण विचारूच नये.

"मुलगी झाली," ती अखेर म्हणाली. "मुठीएवढी आहे. पण रडतेय."

सिप्पाचा हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. कालक दुसऱ्या वर्षी वारला. खाडीत मात्र कोणी फावडे घातले नाही, तिवरावर कुऱ्हाड चालवली नाही, आणि दर पावसाळ्यात डोंगराची नवी माती जुन्या गाळावर थराथराने बसत गेली. तिथला मोरस केतकीच्या मुलीने कधी चाखला नाही. तिच्या नातवंडांनी चाखला, तोही आधी जाळून पाहूनच.

आपली चूक संघापुढे सांगायला भिणाऱ्या एका भिक्षूला भगवान शास्त्यांनी ही कथा सांगितली आणि मग ते म्हणाले, "त्या जन्मीचा उग्रबाहू म्हणजे तिकडे बसलेला भिक्षू बलक. त्याचा उतावळेपणा आता बराच निवला आहे. त्या वेळचा कालक म्हणजे वृद्ध भिक्षू दब्बिल. सिप्पा म्हणजे भिक्षुणी सुगुत्ता, आणि केतकी म्हणजे तिच्या शेजारी बसलेली तिची शिष्या. तांबट धातुपाल मी होतो. चूक माझ्या कुळाची होती आणि ती सांगताना माझे पाय लटपटत होते. तशाच पायांनी जाऊन खरे सांगणे, ही सत्यपारमिता."