मीठ धरनारी पाटी

“…धरते तर लय जोरात, बावा. पन धरलेलं मीठ पाटी सोडत काऊन नाई?”

भास्कर अढाऊ इंजिनेर चांदशा फकिराच्या तकियात, गावाबाहीरच्या त्याच्या ठिकान्यावर, उकिडवा बसून इचारत होता. चांदशा बावापुढं कोनी पसरून बसत नाई, म्हनून उकिडवा. पॅन्ट मयंन, हेबी थोडं होतंच.

बावा माचीस शोधून राह्यला होता. चिलीम भरून तयार होती. माचीस माह्या बुडाखाली होती. मी काई बोल्लो नाई.

“कोनती पाटी?” बावा म्हने.

“किती डाव सांगितलं तुमाले!”

“आनखी सांग. मले समजत नाई, पन तू सांगतं तवा आयकाले बरं लागते.”

आता आपल्या इकडचं पानी ज्याले ठाऊक नाई, त्याच्यासाठी सांगतो. हा खारपानपट्टा हाये. इहिरीत बादली सोडा, वर येते ते समुद्राची धाकटी बहीन. साबनाले फेस येत नाई. तुरीची डाय चुलीवर बुढी होते, पन शिजत नाई. नवा जावई पहिला घोट घेते अन् तोंड वाकडं करते, अन् आमी मांडवातले सारे हासतो. आमाले दुसरी करमनूक कोनती?

तर हे पानी गोड करनारी पाटी भास्कर बनवून राह्यला होता. पुन्याच्या लॅबातली नोकरी सोडून, घराच्या मांगच्या टिनाच्या शेडात.

त्यानं पुन्हा सांगितलं.

कपाशीच्या वायल्या पऱ्हाट्या जायून कोयसा करायचा. मैद्यावानी बारीक दयायचा. त्यात चिकट औषध कालवायचं, पातय पत्र्यावर सारवायचं, भट्टीत वायवायचं, मंग मशीनखाली दाबायचं. अशा दोन काया पाट्या समोरासमोर उभ्या करायच्या. मधातून खारं पानी सोडायचं अन् पाट्याईले बॅटरीच्या तारा लावायच्या. कोयशाले भोकं असतात, डोयाले न दिसनारे. मीठ त्या भोकात जाऊन चिकटते, पानी गोड होऊन बाहीर येते. मंग तारा उलट्या लावायच्या. पाटी मीठ सोडते, मीठ धुवून जाते, पाटी पुन्हा रिकामी.

“तार उलटी केली का सोडून देते?” बावा म्हने.

“द्याले पायजे. लोकाईच्या पाट्या देतात. माही देत नाई.” अन् मंग मान वर करून म्हने, “पन माह्या पाटीइतकं मीठ कोनाचीच पाटी धरत नाई, बावा. लॅबातलीबी नाई!”

“मंग चांगलंच झालं का.”

“काय चांगलं! पहिला गिलास गोड निंघते. दुसरा खाराच.”

“अस्सं.”

“कमी दाबली तर कोयसा झडते, पानी कायंभोर होते. जास्त दाबली तर भोकं चेपतात. मीठ आत घुसते अन् तठीच घर करते.”

“मंग तू काय केलं?”

भास्कर मातीत बोटानं रेघ वढत म्हने,

“आनखी दाबली.”

मले खोकला आला. म्हंजे हासू आलतं, त्याचा खोकला केला.

“इतका जीव काऊन जायतं रे पोरा?” बावा म्हने.

भास्कर नखातला कोयसा कोरत बसला.

तो सांगत नव्हता, पन साऱ्या गावाले ठाऊक होतं. त्याची बायको वनिता. सातपुड्याच्या पायथ्याची पोरगी, माहेरी दाराम्होरं झरा. एक दिवस डाय शिजली नाई. इंजिनेर साहेब शेडातून उशिरा जेवाले आले, अन् वरून डायीलेच नाव ठेवलं. वनिता म्हने, “या पान्यात डायबी शिजत नाई अन् मानूसबी. माह्या माहेरावानी पानी कराल, तवाच न्याले या!”

अन् गेली.

रागातलं बोलनं. दुसऱ्या मानसानं दुसऱ्याच दिवशी एसटी धरली असती अन् सासऱ्याच्या दारात दात काढत उभा राह्यला असता. पन हा पडला इंजिनेर. त्यानं ते बोलनं कामाच्या ऑर्डरीवानी घेतलं.

तवापासून हा अन् पाट्या. दिवस बुडता बुडता मातर शेडाबाहीर खुर्ची टाकून सातपुड्याकडं तोंड करून बसते. आमी इचारतो, “काय साहेब, पहाड मोजून राह्यले?” तो हासत नाई. मंग आमीबी हासत नाई.

“फोन कर तिले,” बावा म्हने.

“काय सांगू? एक गिलास झाला म्हनू?”

“एका गिलासात एका मानसाची तहान भागते.”

“तुमाले मजाक सुचते!” भास्करचा आवाज चढला. मंग आपोआप खाली आला. “बोलावली तर येईन बी ती, बावा. मले ठाऊक हाये. पन तठी ती झऱ्याचं पानी पेत असंन. तिले पुन्हा या खाऱ्यात आनू? लग्नात तिनं इथला पहिला घोट घेतला, तवाचं तिचं तोंड… तुमी सारे हासले होते. मीबी हासलो होतो. ते तोंड मले पुन्हा पाह्याचं नाई.”

मले आता खोकलाबी आला नाई.

भास्करनं पिशवीतून बाटली काढली. दोन्ही हातानं, लेकरू द्यावं तशी.

“आजच्या पाटीचा पहिला गिलास हाये. तुमी घ्या. कोनालेच दिला नाई आजून.”

बावानं आपल्या वाटीत वतलं. नाकाशी नेलं. उजेडात धरलं, निरा आरसा. मंग झोयीतून एक फडकं काढलं, गाठ सोडली, चिमूटभर मीठ घेतलं अन् वाटीत टाकलं. बोटानं ढवयलं.

अन् पेऊन घेतलं.

भास्कर उभाच राह्यला. “बावा!”

“काय झालं?”

“जिवाचं रान करून मीठ काढलं मी त्यातलं! अन् तुमी…”

“म्हनूनच थोडंसं टाकलं.”

मी तर लोयालाच लागलो. भास्कर माह्यावर फिरला, “तुमाले काय हासू येते, काका? तुमीबी तेच करता! लग्नाले परगावी जाता, खिशात मिठाची पुडी. सारं गाव बाटलीच्या पान्यात मीठ टाकून पेते अन् लोकं पाह्यत राह्यतात!”

“काय करता बाप्पा,” मी म्हनलं, “गोड पानी घशातून खाली जाते, पन तहान जागच्या जागीच राह्यते. दोन दाने टाकले का घसा म्हनते, हां, आता घरी आलो.”

“ते तुमचं! तुमी जन्मापासून खाऱ्यातले. तिचं तसं नाई. ती गोडातली हाये.”

बावा रिकामी वाटी पुसत होता. पुसता पुसता म्हने, “मांगच्या महिन्यात मी फेरीले गेल्तो. सातपुड्याकडं.”

भास्करच्या हातातलं बाटलीचं झाकन तसंच राह्यलं.

“…तिच्या गावाले?”

“तिच्या दारावर.”

“कशी हाये?”

“पीठ वाढलं.”

“अन्… काई इचारलं?”

“कोनत्या गावचे म्हने. मी गाव सांगितलं.” बावानं वाटी उपडी ठेवली. “मंग तिनं पुन्हा पीठ वाढलं.”

भास्कर खाली बसला. या डाव उकिडवा नाई. थेट मातीत, पॅन्टीसगट.

तकियातल्या निंबावर कावया वरडत होता. बावानं माह्याकडं न पाह्यता हात म्होरं केला. मी बुडाखालची माचीस काढून त्या हातावर ठेवली.

चिलीम पेटली. धूर सातपुड्याकडं गेला.

“बावा…” भास्कर म्हने. “पानी मांगितलं असंन तुमी. ऊन होतं.”

“मांगितलं.”

“झऱ्याचं दिलं असंन. थंडं. साखरीवानी…”

बावानं चिलमीचा झुरका घेतला.

“सांगा ना बावा! कसं होतं?”

“घागर दूर होती. तिनं सोताच्या पेन्याचा तांब्या उचलून दिला.” बावानं चिलीम खाली ठेवली. “खारं होतं, पोरा.”